विजयचिन्हें आणि ऐतिहासिक साधनें : एक मूल्यविचार

(१)

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांत अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. नामांकित खेळाडूच्या हातची फळी, त्याच्या अंगचा सदरा, त्याच्या सहीचा चेंडू यांस लिलांवांत लाखांनीं मोल येतें. आणि दोनअडीचशें वर्षांचें घरंदाज दफ्तर मात्र किलोच्या भावानें रद्दींत जातें. समाजाची मूल्यबुद्धि भ्रष्ट झाली, या उद्गारानें तक्रारीचा शेवट होतो. तक्रार करणारे आमचेच समानधर्मी असल्यामुळें तिचा विचार करणें आम्हांस प्राप्त आहे. आमचें मत असें कीं, ही तक्रार अर्धी खरी आहे. जी अर्धी खोटी आहे तिच्यामुळें आपल्या कार्याची हानि होत आहे. ते दोन भाग वेगळे करून दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतु.

तक्रारीच्या पुष्ट्यर्थ दोन आंकडे सहज देतां येतील. २ एप्रिल २०११ रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या षट्कारानें संपला, तो मारणारे महेंद्रसिंग धोनी यांची फळी त्याच वर्षीं जुलै महिन्यांत लंडन येथें लिलांवांत निघाली, व तिला एक लक्ष पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें सुमारें ७२ लक्ष रुपये, किंमत आली. त्याच लंडनांत एप्रिल २०२५ मध्यें नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तरवार लिलांवांत निघाली. ती महाराष्ट्र शासनानें मिळविली, आणि त्या कामीं वाहतूक, विमा वगैरे धरून ४७ लक्ष १५ हजार रुपये लागले. बंगाल-ओरिसावर मोहिमा काढणाऱ्या सेनासाहेबसुभ्याची तरवार स्वस्त, आणि एका सायंकाळच्या खेळांतील लांकूड महाग! हें ऐकून कोणाही इतिहासभक्ताचें मन विषण्ण होईल.

परंतु आंकडे पुराव्यास उभे करतांना ते कशाचे आहेत हें पाहणें, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम आहे. फळीचा लिलांव धर्मादाय कार्यासाठीं होता. त्या किंमतींत दानाचा अंश किती आणि वस्तूचें मोल किती, हें निवडून काढतां येत नाहीं. तरवारीच्या आंकड्यांत आणण्याचा खर्च मिसळलेला आहे. शिवाय दोन लिलांवांत चौदा वर्षांचें अंतर आहे. तेव्हां ‘फळी तरवारीच्या दीडपट’ हें त्रैराशिक व्यर्थ होय.

याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें ती तरवार मुंबईस आली तेव्हां तिचें स्वागत झालें, तें कोणत्या भावनेनें? युरोपांत घडलेलें पातें मराठी सरदाराच्या हातीं कसें आलें, पात्यावर नागरी लिपींत सोन्यानें नांव कोरण्याची रीति कोठून आली, हे प्रश्न गर्दीच्या मनांत नव्हते. तरवार रघूजींच्या हातची होती, एवढें पुरेसें होतें. फळी धोनींच्या हातची होती, एवढेंच तिकडेही पुरेसें होतें.

साताऱ्याच्या संग्रहालयांत जुलै २०२४ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या बोलीनें वाघनखें आलीं, तेव्हां हेंच दिसून आलें. हीं वाघनखें १८१८ ते १८२२ या काळांत साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे गेलीं. शिवछत्रपतींनीं अफझलखानाच्या प्रसंगीं वापरलेलीं तीं हींच, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें तें संग्रहालय स्वतःच सांगतें. कोल्हापुरांतील अभ्यासकांनींही शंका काढल्या. तरी दर्शनाला लोटलेल्या लोकांची संख्या त्या शंकांनीं घटली नाहीं, आणि घटण्याचें कारणही नव्हतें. लोक पुरावा तपासण्यास आलेच नव्हते. ते दर्शनास आले होते.

म्हणून समाज खेळास इतिहासाहून अधिक मानतो, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. समाज दोहोंकडे एकाच दृष्टीनें पाहतो, आणि ती दृष्टि इतिहासाची नव्हे. तक्रारीचा खरा भाग तो हाच. ज्या दिवशीं तरवारीस फळीपेक्षां अधिक किंमत येईल, त्या दिवशीं कोणी इतिहासाचा जय झाला असें समजूं नये.

(२)

या दृष्टीचें स्वरूप आपल्या प्राचीनांनीं चांगलें ओळखलें होतें. बौद्ध परंपरेंत पूज्य वस्तूंचे तीन वर्ग सांगितले आहेत : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. अस्थि, केश इत्यादि ते शारीरिक. पूज्य पुरुषानें वापरलेलें पात्र, वस्त्र, आसन तें पारिभोगिक. आणि त्याच्या उद्देशानें केलेली प्रतिमा ती उद्देशिक. आजच्या बाजारांतील वस्तू या वर्गांत अचूक बसतात. खेळाडूची फळी व सदरा पारिभोगिक. त्याच्या नांवानें काढलेलें टपालाचें तिकीट किंवा उभारलेला पुतळा उद्देशिक. तरवार, वाघनखें, पगडी, जपमाळ हींदेखील पारिभोगिकच. पादुकांपुढें मस्तक नमविणाऱ्या आपल्या लोकांस हा भाव कोणी शिकवावा लागत नाहीं. आमच्या खानापूर तालुक्यांतील बाणूरगड म्हणजे इतिहासांतील भूपाळगड. तेथें बहिर्जी नाइकांची म्हणून समाधि दाखवितात व तिच्यावर भाविकतेनें फुलें पडतात. तोच गड १६७९ सालीं दिलेरखानानें घेतला, ती हकीकत ज्या कागदांतून कळते, त्या कागदांवर मात्र कोणी फूल वाहत नाहीं. या भावनेंतून वस्तूला जें मोल येतें त्यास आम्ही स्पर्शाचें मोल म्हणूं.

दुसरें मोल कसाचें. वस्तु ज्या द्रव्याची घडली असेल त्याची बाजारांतील किंमत, ती हीच.

तिसरें मोल साक्षीचें. वस्तु स्वतःविषयीं व स्वतःच्या काळाविषयीं जें सांगते, आणि दुसऱ्या पुराव्याशीं ताडून जें तपासतां येतें, तें हें मोल. एखाद्या गांवकुळकर्ण्याची रोजकीर्द घ्यावी. तिला कस नाहीं, कारण कागद जीर्ण आहे. तिला स्पर्श नाहीं, कारण लिहिणाऱ्याचें नांव कोणास माहीत नाहीं. परंतु त्या वर्षीं जोंधळा काय भावानें विकला, कोणाचा बैल कोणीं ओढून नेला, दुष्काळांत गांव सोडून कोण गेलें, हें ती सांगते, आणि तिच्याशिवाय दुसरें कोणी सांगत नाहीं.

तिन्ही मोलांचे स्वभाव भिन्न आहेत. कस बाजाराबरोबर चढतो-उतरतो. स्पर्श स्मरणावर जगतो. ज्यांनीं तो पराक्रम पाहिला त्यांची पिढी गेली, आणि त्यांच्या तोंडून ऐकणारी दुसरी पिढी गेली, कीं सहसा तोही ओसरतो. शिवछत्रपतींसारख्या लोकोत्तर पुरुषाचा अपवाद सोडावा. साक्षीचें मोल मात्र काळाबरोबर वाढतें, आणि नक्कल करून वांटलें असतां कमी होत नाहीं. ज्यास लिलांव म्हणतात त्यांत पहिल्या दोहोंची बोली लागते. तिसऱ्याची बोली लावणारा तेथें क्वचितच उभा असतो.

(३)

कसाच्या मोलाविषयीं विटेंकरांस कोणी सांगण्याची गरज नाहीं. विटें आणि आसपासचा खानापूर, आटपाडी, कडेगांवचा मुलूख कमी पावसाचा. येथील असंख्य कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन देशभर पसरलीं. दक्षिणेंत केरळापासून उत्तरेंत पंजाबापर्यंत मोठ्या शहराच्या सराफ-कट्ट्यावर गेलें असतां मूस आणि भट्टी सांभाळणारा मनुष्य आमच्या बाजूचा निघतो. मोडीचा माल येतो, मुशींत वितळतो, तेजाबानें त्यांतील हीण निघतें, आणि शुद्ध धातु बाहेर पडते. या कसबावर आमच्या दुष्काळी गांवांत घरें उभीं राहिलीं, मुलें शिकलीं. त्याविषयीं आम्हांस आदरच आहे.

परंतु मुशीपाशीं एकच प्रश्न विचारला जातो : टंच किती? त्या प्रश्नापुढें आजीच्या पायांतील तोडे, फारसी अक्षरांचा रुपया, देवाच्या मूर्तीवरील चांदीचा टोप आणि कुस्तींत मिळालेलें चांदीचें कडें हीं सर्व सारखींच. नाण्यावरील टांकसाळीचें नांव, हिजरी सन, जुलूसाचें वर्ष हें सर्व त्या अग्नींत एका क्षणांत नाहींसें होतें, आणि वजनांत गुंजभरही फरक पडत नाहीं. साक्ष नष्ट होते व कस तसाच राहतो. दोन मोलांतील भेद याहून स्पष्ट कोठें दिसणार?

आतां महाराष्ट्र केसरीची गदा पाहा. ही किताबाची स्पर्धा १९६१ पासून चालत आली आहे. गदा लांकडाच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढविलेली असते. आमच्या तालुक्यांतील भाळवणीचे मल्ल चंद्रहार पाटील यांनीं २००७ व २००८ अशा लागोपाठ दोन वर्षीं हा किताब मिळविला. त्या गदांतील चांदी काढून तोलली तर जी रक्कम येईल, ती कोणी मोजूं धजणार नाहीं. गलाईवाल्या गांवांतसुद्धां त्यांची किंमत कसानें होत नाहीं. याचा अर्थ, ज्या समाजास कसापलीकडचें मोल कळत नाहीं असें आपण समजतों, त्यास तें चांगलें कळतें. पराक्रमाची वस्तु मुशींत घालूं नये, हें त्यास सांगावें लागत नाहीं. कागदाची वस्तु रद्दींत घालूं नये, हें मात्र त्यास कोणीं सांगितलेलेंच नाहीं. तें सांगण्याचें काम कोणाचें होतें?

(४)

आतां मुख्य उदाहरणाकडे वळूं. कऱ्हाडाजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत त्यांचा सहावा क्रम लागला. १९५२ सालीं हेलसिंकी येथें बँटम वजनांतील कुस्तींत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें ऑलिंपिकांतील तें पहिलें वैयक्तिक पदक. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणोत्तर.

तें पदक ५१ मिलिमीटर व्यासाचें, कांशाचें. आमच्या मुशींत घातलें तर एका जेवणाचे पैसे निघणें कठीण. परंतु त्यास स्पर्शाचें मोल एवढें कीं, त्याचें नांव घेतांच सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतील तालमींत माणसें सांवरून बसतात. आणि तरीही २०१७ सालीं खाशाबांच्या कुटुंबास तें पदक लिलांवांत काढण्याची घोषणा करावी लागली. गोळेश्वरास कुस्तीचें संकुल उभारूं, असें आश्वासन २००९ मध्यें सरकारकडून मिळालें होतें. तें पुरें होईना, म्हणून पदक विकून तरी संकुल उभें करावें, असा त्यांचा हेतु होता. विक्री झाली नाहीं. परंतु ज्या समाजाची मूल्यबुद्धि खेळाच्या बाजूनें झुकली असें आपण म्हणतों, त्याच समाजांत ही वेळ आली, हें तक्रार करणाऱ्यांनीं ध्यानांत धरावें. खेळाच्या वस्तूचा भाव लंडनांत चढतो म्हणून खेळाचा इतिहास गोळेश्वरांत सुरक्षित राहतो, असें नाहीं.

साक्षीच्या मोलाचें काय? येथें आमची खरी चिंता सुरू होते. हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा कसा उभा राहिला, याची कथा सर्वत्र सांगतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, असें म्हणतात. गांवोगांवच्या लोकांनीं वर्गणी केली, असेंही म्हणतात. परत आल्यावर कऱ्हाडापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली; गाड्या किती, तर कोणी १०१ लिहितो, कोणी १५१. पाऊणशें वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच पाठभेद उत्पन्न झाला! बखरींतील आंकड्यांवर आपण शंका घेतों. मग ज्यांच्या आजोबांनीं ती मिरवणूक डोळ्यांनीं पाहिली, अशांच्या देखत हें घडत असतां आपण स्वस्थ कां? गहाण झालें असल्यास त्याचें खत झालें असलें पाहिजे, आणि खत झालें असल्यास तें नोंदणीच्या दफ्तरांत शोधलें पाहिजे. वर्गणी झाली असल्यास कोठें तरी वहींत आंकडे पडले असले पाहिजेत : कोणत्या गांवानें किती दिले, दुकानदारानें काय दिलें, तालमीच्या वस्तादानें काय दिलें. तो एक कागद मिळाला तर १९५२ सालचा दक्षिण सातारा व कोल्हापूर यांचा समाज डोळ्यांपुढें उभा राहील. पदक सांगतें कीं एक मनुष्य जिंकला. वर्गणीची वही सांगेल कीं त्यास कोणीं पाठविलें. इतिहासाच्या दृष्टीनें दुसरी गोष्ट पहिलीहून थोर आहे.

या बाबतींत कायदाही आपल्याच बाजूचा आहे. पुरावस्तु व कलानिधि अधिनियम, १९७२, याप्रमाणें इतर वस्तु पुरावस्तु ठरण्यास शंभर वर्षें लागतात. परंतु ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितास व कागदास पंचाहत्तरच पुरतात. म्हणजे खाशाबांचें पदक २०५२ पर्यंत कायद्याच्या दृष्टीनें पुरावस्तु नव्हे. परंतु १९४८ च्या लंडन-प्रवासासंबंधींच्या महत्त्वाच्या कागदांची मुदत २०२३ सालींच भरली, आणि १९५२ च्या कागदांसाठीं २०२७ हें साल येतें. कागदाचें मोल धातूच्या आधीं ओळखावें, असें विधिमंडळानें ठरविलें. आपण संशोधक मात्र ‘खेळाचे कागद’ म्हणून त्यांजकडे पाठ फिरवून बसलों आहों.

वस्तु संस्थेच्या स्वाधीन केली म्हणजे काम झालें, असेंही नव्हे. १९४८, १९५२ व १९५६ अशा तीन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकीसंघांतील थोर खेळाडू बलबीरसिंग यांनीं १९८५ सालीं आपलीं ३६ पदकें, मेलबर्नच्या वेळचा कोट आणि शंभरावर छायाचित्रें भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवालीं केलीं होतीं. २०१२ सालीं प्रदर्शनासाठीं त्यांची आठवण झाली तेव्हां तीं सांपडेनात. २०२० सालीं बलबीरसिंग निवर्तले. पदकें त्यांस पुन्हा पाहण्यास मिळालीं नाहींत. खेळाच्या वस्तूंचीच ही गत आहे असें मानूं नये. रवींद्रनाथांचें नोबेल पदक शांतिनिकेतनांतून २००४ सालीं चोरीस गेलें. वस्तु घेतांना यादी, यादीवर दोघांच्या सह्या, वर्षास एकदां मोजदाद, आणि छायाचित्रांसह एक प्रत दुसऱ्या गांवीं : एवढें जेथें नाहीं, तेथें खेळाचें पदक आणि पेशवाईची सनद यांचें भवितव्य एकच.

(५)

कोणी म्हणतील, खेळ हा विनोदाचा विषय. त्यास इतिहाससाधनांच्या पंक्तीस कां बसवावें? या आक्षेपास आपल्याच हस्तलिखितांनीं उत्तर दिलें आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत मल्लविनोद हें स्वतंत्र प्रकरण आहे. ज्येष्ठीमल्ल नांवाच्या मल्लवृत्तीच्या ब्राह्मणांच्या परंपरेशीं निगडित असें मल्लपुराण सांडेसरा व मेहता यांनीं संपादून १९६४ सालीं प्रसिद्ध केलें. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघाले आहेत. त्याच बडोद्याहून मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. आज या पोथ्या कोणी संग्राहक ‘खेळाच्या’ म्हणून टाकून देईल काय? आठशें वर्षें लोटलीं म्हणजे मल्लविद्या इतिहास, आणि सत्तर वर्षें लोटलीं म्हणजे करमणूक, हा न्याय आम्हांस उमजत नाहीं.

ग्रीकांचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. ग्रीक नगरांची वर्षगणना निरनिराळी होती. सर्वांस सामाईक असा शक नव्हता. पांचव्या शतकाच्या अखेरीस, ख्रिस्तापूर्वीं, एलिसच्या हिप्पियस यानें ऑलिंपियाच्या धांवण्याच्या शर्यतींतील विजेत्यांची क्रमवार यादी केली. ती ख्रिस्तपूर्व ७७६ पासून धरतात. पुढील ग्रीक इतिहासकारांनीं राज्यें व युद्धें यांचा काळ सांगण्यास त्याच यादीचा सांगाडा घेतला, आणि ती यादी युसेबियसच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आली. धांवणारांची नांवनिशी शकावलीचा कणा झाली! ती यादी करणारास त्या काळीं कोणी विचारलें असेल कीं, हा कसला उद्योग?

अथेन्सच्या उत्सवांत विजेत्यांस तेलानें भरलेले मातीचे रांजण देत. एका बाजूस देवीचें चित्र, दुसऱ्या बाजूस त्या खेळाचें. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून त्यांवर त्या वर्षाच्या मुख्याधिकाऱ्याचें नांवही लिहूं लागले. त्यामुळें पुराणवस्तुसंशोधकांस नुसत्या मातीच्या भांड्याचें वर्ष निश्चित सांगतां येतें, आणि त्याच्या आधारें शेजारीं सांपडलेल्या दुसऱ्या भांड्यांचेंही. तेल केव्हांच संपलें, जिंकणारा विस्मृत झाला; चार अक्षरें राहिलीं व तींच मोलाचीं ठरलीं.

आमचें आयुष्य शाळांत गेलें. प्रत्येक शाळेच्या कचेरींत कांचेचें एक कपाट असतें. त्यांत ढाली आणि पेले मांडलेले असतात. दिवाळीच्या आधीं त्यांस चिंच लावून घासतात, आणि घासतां घासतां कोरलेलें नांव पुसट होत जातें. कांहींवर वर्ष असतें पण खेळ नसतो. कांहींवर देणाराचें नांव मोठें, जिंकणाराचें नाहींच. त्याच कचेरींतील जनरल रजिस्टरांत त्या मुलांचीं गांवें, जाति, जन्मतारखा व शाळा सोडल्याचीं कारणें सारी नोंदलेलीं असतात. पेला आणि रजिस्टर एकाच खोलींत असतात, पण एकमेकांस ओळखत नाहींत. त्यांची ओळख करून देणें हेंच संशोधकाचें काम.

(६)

याचा अर्थ प्रत्येक चेंडू जपून ठेवावा, असा नव्हे. ज्या सामन्याचा आंकडा न् आंकडा छापला गेला आहे, त्याची फळी इतिहासास नवें कांहीं सांगत नाहीं. ती हौशी धनिकांनीं खुशाल घ्यावी. पुण्यांत २०१२ पासून क्रिकेटच्या वस्तूंचें एक खाजगी संग्रहालय उभें आहे. असे आणखी निघोत. आपण मात्र जें छापलें गेलें नाहीं तें गोळा करावें. बाजार दोहोंकडेही बनावट माल निर्माण करतो. आपल्याकडे बनावट सनदा आहेत, तर अमेरिकेंत खेळाडूंच्या खोट्या सह्या करणाऱ्या टोळ्या १९९० नंतरच्या दशकांत पकडल्या गेल्या. तेव्हां कोणत्याही वस्तूबरोबर ती कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी लिहून घेणें, हा नियम दोहोंस सारखाच लागू.

आमच्या भागापुरतें काय करतां येईल, तें सांगून हा विचार आवरतों. विट्यास दसऱ्याच्या दिवशीं श्रीरेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत होते. तीस खेळ म्हणावें कीं उत्सव, हा वाद नको. कोणत्या वर्षीं कोणती पालखी पुढें आली, खांदेकरी कोणत्या गांवचे होते, याची वर्षवार यादी वृद्ध मंडळींस विचारून आजच करावी. जत्रेंतील कुस्त्यांचीं छापील पत्रकें, ज्यांत मल्लांच्या जोडी, इनामाची रक्कम व देणगीदारांचीं नांवें असतात, तीं मैदान संपतांच पायदळीं जातात. त्यांची एकेक प्रत राखावी. जुन्या तालमींतील खुराकाचे व वर्गणीचे हिशेब मागून त्यांच्या नकला कराव्या.

आणि आमच्या गलाईवाल्या बंधूंस एक विनंती. जुनीं नाणीं, लेख असलेलीं भांडीं, कोरलेलीं पदकें यांस शेवटचे पाहणारे डोळे पुष्कळदां तुमचेच असतात. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याविषयीं १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांवरील ठेवा सरकारास कळविणें सांपडणारावर बंधनकारक आहे, तो मुशीपर्यंत येऊंच नये. परंतु जी वस्तु कायदेशीर रीतीनें मोडींत आली असेल, ती मुशींत टाकण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, वजन लिहावें आणि कोणत्या गांवाहून आली तें लिहावें. यांत रतीभर सोनें कमी होणार नाहीं. आपल्या गांवची हजारों माणसें देशांतील सराफ-कट्ट्यांवर बसलीं आहेत. त्यांतील शंभरांनीं हें मनावर घेतलें, तर कोणत्याही विद्यापीठास न साधणारी नाण्यांची नोंद विट्याच्या नांवानें होईल.

संग्राहक मित्रांसही तितकेंच सांगणें आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या छोट्या संस्थानांत चित्रांचें व शिल्पांचें संग्रहालय १९३८ सालीं उभारलें, आणि सूर्यनमस्काराचा प्रसारही जन्मभर केला. त्या पुरुषास कला आणि कसरत यांत वैर दिसलें नाहीं. आपणही तें मानूं नये. लोक वस्तूस हात लावूं पाहतात, याचा राग न धरतां, हात लावण्यास आलेल्या मनुष्यापुढें एक कागद ठेवावा आणि त्यावर काय लिहिलें आहे तें त्यास वाचून दाखवावें. आपल्या दफ्तरांस गिऱ्हाईक मिळत नाहीं याचें दुःख नको. तीं वाचून दाखविणारा मिळत नाहीं, याचें असावें.